घरात कुणीतरी कमवायला हवं होतं

दत्तजयंतीच्या आदल्या संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या देवळात कीर्तन होतं. छोटासा मांडव, गोदामातून आणलेल्या सतरंज्यांचा तो ओळखीचा कुबट वास, त्यात उदबत्ती आणि कोपऱ्यात उकळणाऱ्या मसाला दुधाची वाफ मिसळलेली. बुवा तरुण होते. गालापाशी आलेला काडीसारखा माईक, इस्त्रीचा सदरा, केशरी उपरणं. अभंगाचे दोन चरण त्यांनी नीट उकलले आणि तिसऱ्यावर येता येता गाडी घसरली ती ब्यूटी पार्लरवर. मग मोबाइल, मग सुना, मग मुलींचे कापलेले केस. मांडव नुसता फुटत होता. हसू कुठं येणार हे बुवांना पक्कं ठाऊक होतं. विनोद टाकायचा, थांबायचं, उपरण्यानं कपाळ टिपायचं, पखवाजवाल्याकडे गंभीरपणे बघायचं आणि हशा उतरणीला लागला की पुढचं वाक्य. मीही हसले. शेजारच्या काकू तर डोळे पुसत होत्या. तशा हसता हसताच त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "हल्ली बुवा कीर्तन नाही करत गं, प्रोग्राम करतात."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कौतुकही नव्हतं.

ते वाक्य माझ्या मागे लागलं. एक तर ते खरं होतं, आणि दुसरं म्हणजे ते खरं असल्यानं नेमकं बिघडलं काय, हे मला सांगता येईना. कीर्तनात हसायचं नाही असं आपल्याकडे कुणी कधी म्हटलेलं नाही. नाथांची भारुडं ऐकून माणसं गंभीर बसत असतील असं वाटत नाही. गाडगेबाबा तर समोरच्या माणसालाच प्रश्न विचारायचे, तो देईल त्या उत्तराला धरून त्याची आणि त्याच्या देवाची अशी काही उलटतपासणी घ्यायचे, की अख्खा जमाव हसायचा आणि दुसऱ्या दिवशी निदान काही जण तरी कर्ज काढून सण करताना दोनदा विचार करायचे. आजोळी सप्ताहाला येणारे एक म्हातारे बुवा होते. त्यांचा आवाज बसलेला, चिपळ्या जुन्या, पण गावातल्या कंजूष सावकाराची नक्कल अशी करायचे की खुद्द सावकारही मांडी थोपटायचा. म्हणजे हशा जुनाच आहे. मग काकूंना काय खुपलं? आणि मला काय खुपलं? त्याचा विचार करता करता मला आठवला तो एक अमेरिकन ज्यू म्हातारा. त्याच्या जुन्या चित्रफिती मी कित्येक वर्षं रात्री झोप येईना की बघत आले आहे. जॅकी मेसन.

हा मनुष्य ऐकायला विचित्र. जन्म अमेरिकेतला, तरी बोलणं कालच पूर्व युरोपातल्या मिन्स्कहून बोटीनं उतरल्यासारखं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज वर चढायचा, जणू तुम्हालाच जाब विचारतोय. बुटकी चण, लालसर केस, खांदे सतत उडते आणि हात कधीच जागेवर नाहीत. सुरुवातीला एजंट आणि मॅनेजर मंडळी त्याला सांगायची की तू फारच ज्यू वाटतोस, जरा कमी कर. त्यानं कमी केलं नाही. मला त्याच्या विनोदापेक्षा त्याची ऐट आवडायची. तो श्रोत्यांना हसवत नव्हता, झापत होता. तुम्ही असे, तुम्ही तसे, जेवायला बसलात की टेबल बदलून मागता, खिडकीशी दिलं तर वारा लागतो, आत दिलं तर गुदमरतं. माणसं पैसे मोजून येत आणि स्वतःची खरडपट्टी ऐकून खूश होऊन घरी जात. हे सगळं कुठून आलं, हे मला बरंच नंतर कळलं. मेसन रब्बाय होता. म्हणजे रब्बायचं सोंग आणणारा नव्हे, रीतसर दीक्षा घेतलेला, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, प्रवचन दिलेला, खराखुरा ज्यू धर्मगुरू.

त्याचं खरं नाव याकोव्ह मोशे माझा (हो, माझा). १९२८ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या शेबॉयगन नावाच्या गावी जन्म. वडील रब्बाय, आजोबा रब्बाय, पणजोबा रब्बाय, त्यांचेही वडील रब्बाय. तिन्ही थोरले भाऊ रब्बाय झाले. याकोव्ह पाच वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला आलं. तिथं गरिबी होती, गर्दी होती, आणि धर्मग्रंथांवर रात्रंदिवस चालणारा वाद होता. अशा घरात धाकट्या मुलाला तुला काय व्हायचंय असं कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या भिक्षुकी घरांत तरी कुठं विचारत होते? पोराला आठव्या वर्षी मुंज करून संध्या शिकवायची, की पुढचं ठरल्यातच जमा. मेसननं पुढं सांगितलं आहे की आपली वाट ही नव्हे, हे त्याला बाराव्या वर्षीच उमगलं होतं आणि तेव्हापासून तो यातून निसटायचा बेत करत होता. पण बेत करणं वेगळं, आणि बापाच्या डोळ्यात बघून तो सांगणं वेगळं. त्यानं सांगितलं नाही. पंचविसाव्या वर्षी त्यानं दीक्षा घेतली.

मधल्या काळात उन्हाळ्यात तो कॅटस्किल डोंगरांतल्या हॉटेलांत कामाला जायचा. न्यूयॉर्कच्या ज्यूंची ती हवा खायची जागा, कारण इतर बऱ्याच हॉटेलांत तेव्हा त्यांना दारातच अडवलं जाई. सुट्टीला आलेली कुटुंबं दिवसातून तीनदा भरपेट जेवायची आणि रात्री जेवण जिरवायला विदूषक लागायचा. अमेरिकन विनोदाची निम्मी तालीम त्या जेवणघरांत झाली म्हणतात, आणि ते खोटं नसावं. मेसन मात्र तिथं आधी उष्टी उचलायला लागला. वीस मिनिटांत सगळी भांडी फोडली, असं तो सांगायचा. मग त्याला तलावावर जीवरक्षक केलं. मला पोहता येत नाही, असं त्यानं मालकाला सांगितलं, तर मालक म्हणाला, गिऱ्हाइकांना सांगू नकोस. हा किस्सा किती खरा, किती रंगवलेला, हे देव जाणे. पण पोहता न येणारा माणूस काठावर बसून दुसऱ्यांच्या जिवाची राखण करतोय, हे चित्र पुढं त्याच्या धर्मगुरूपणालाही चपखल लागू पडतं. मला तर वाटतं त्याला ते ठाऊक असणार, म्हणूनच तो किस्सा इतक्यांदा सांगत असणार.

रब्बाय म्हणून तो नॉर्थ कॅरोलायनातल्या वेल्डनला होता, पेन्सिल्व्हेनियातल्या लॅट्रोबला होता. ही लहान गावं, मूठभर ज्यू घरं. शनिवारी प्रवचन द्यायचं, तर त्याला ते कोरडं देववेना. एक विनोद घातला, माणसं हसली. दुसऱ्या आठवड्यात दोन घातले. विनोद वाढत गेले, धर्म आखडत गेला, आणि गंमत म्हणजे गर्दी वाढली. गावातले ख्रिस्ती लोकसुद्धा सिनेगॉगमध्ये प्रवचन ऐकायला येऊन बसायला लागले, असं तो सांगतो. हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. आज काकू तिथं असत्या तर ज्यू मंडळींच्या मागच्या बाकावर बसून त्यांनी तेच म्हटलं असतं.

वडील वारले, आणि त्यानंतर काही काळानं त्यानं सिनेगॉगची नोकरी सोडून विनोदाचा धंदा पूर्णवेळ धरला. का सोडली, असं लोक आयुष्यभर विचारत राहिले. त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"घरात कुणीतरी कमवायला हवं होतं."

उत्तर फर्मास आहे. सात पिढ्या पोथी सांभाळणाऱ्या कुठल्याही घराला ते लागू पडेल, आणि त्यातलं दारिद्र्य खोटं नाही. पण मला ते नेहमी जरा जास्तच गुळगुळीत वाटत आलं आहे. हशा घेऊन विषय मिटवायचा, ही विनोदी माणसांची जुनी खोड. त्या वाक्यात सांगितलेलं नाही ते हे, की तो बापाच्या मरणापर्यंत थांबला. बाप असताना सोडणं त्याच्यानं झालं नाही आणि बाप गेल्यावर राहणं झालं नाही. यात किती सुटका आणि किती शरम होती, हे त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं असं वाटत नाही, म्हणून त्यानं पैशाचं कारण पुढं केलं. आमच्या नात्यात एक गृहस्थ होते, घरची पूजेअर्चेची वृत्ती सोडून एसटीत कंडक्टर झालेले. त्यांनाही कुणी विचारलं की ते म्हणायचे, "देवाचे पैसे उधारीवर असायचे हो, इथं महिन्याच्या महिन्याला मिळतात." सगळे हसायचे. त्यांची बायको हसायची नाही. कारण वडिलांच्या श्राद्धाला हे गृहस्थ दर वर्षी ड्यूटी लावून घ्यायचे.

रब्बायचं काम नुसतं प्रवचनाचं नसतं. प्रवचन हा त्यातला दिसणारा भाग. बाकी आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसायचं, कुणी गेलं की घरच्यांसोबत राहायचं, नवराबायकोचं बिनसलं तर दोघांचं ऐकून घ्यायचं, खाण्यापिण्याच्या विटाळाचे बारीकसारीक प्रश्न सोडवायचे. शनिवारी ज्यांना हसवलं त्यांच्याच घरी मंगळवारी रडायला जायचं. विनोदवीर रात्री साडेदहाला पैसे घेऊन निघून जातो, आणि ज्या माणसाची त्यानं खिल्ली उडवली तो माणूस त्याला पुन्हा कधी दिसत नाही. आजोळच्या म्हाताऱ्या बुवांना सावकाराची नक्कल जमायची, कारण सप्ताह संपल्यावर ते त्याच्याच पडवीत जेवायला असायचे. मागच्या गल्लीतले तरुण बुवा कीर्तन संपल्या संपल्या गाडीत बसले. त्यांना रात्रीत आणखी एक सुपारी होती. त्यांचा दोष नाही, डिझेल महाग आहे. पण तेवढ्या घाईत एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली आणि माझ्या सुटली नाही. मुलींच्या कापलेल्या केसांवरचा विनोद झाला तेव्हा पुढच्याच रांगेत एक बारीक केस कापलेली मुलगी आईबरोबर बसली होती. तीही हसली. हसता हसता तिनं ओढणी उचलून डोक्यावर घेतली आणि मग आरती होईपर्यंत ती खाली घेतली नाही.

विनोदाचं आणि धर्माचं ज्यूंच्या घरात काही वाकडं नाही, उलट फार जवळचं नातं आहे. तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, रब्बा नावाच्या थोर गुरूंचा उल्लेख आहे. ते शिकवायला बसले की आधी एखादी गमतीची गोष्ट सांगत, शिष्य हसत, आणि मग गुरू धाकानं, आदरानं सावरून बसत आणि पाठ सुरू होई. आधी हशा, मग भय. क्रम महत्त्वाचा. पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नांत तर बदखन म्हणून एक माणूसच असायचा. यमकं जुळवत, धर्मवचनं पेरत, तो आधी नवरीला रडवायचा, आईबापांची, गेलेल्या माणसांची, संसाराच्या ओझ्याची आठवण करून द्यायचा, आणि नंतर वऱ्हाडाला हसवून लोळवायचा. आणि पुरीमच्या सणाला धर्मशाळेतली पोरं आपल्याच गुरुजींची नक्कल करतात, गुरुजी ती समोर बसून बघतात. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, पुरीमला होळीचा सण म्हणत आले. ऋतू तोच, आणि त्या दिवशी थोरामोठ्यांना बोलायची मोकळीकही तीच.

तालमुदातलीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आजच्या इराणच्या खुजिस्तानातल्या एका बाजारात रब्बाय बेरोका फिरत असत, आणि प्रेषित एलिया त्यांना तिथं भेटत असे. एकदा बेरोकांनी विचारलं, या गर्दीत परलोकात जागा मिळवलेला कुणी आहे का? एलियानं आधी एका तुरुंगाच्या पहारेकऱ्याकडे बोट दाखवलं. अंगावर धर्माची काही खूण नसलेला माणूस, पण कैदेतल्या स्त्रियांच्या अब्रूची राखण करणारा. थोड्या वेळानं दोघे भाऊ आले. एलिया म्हणाला, हे दोघेसुद्धा. बेरोकांनी त्यांना गाठून विचारलं, तुम्ही करता काय? ते म्हणाले, आम्ही विदूषक आहोत. कुणी खिन्न दिसला की त्याला हसवतो, आणि दोघे भांडताना दिसले की खटपट करून त्यांच्यात समेट घडवतो. बाजारात त्या दिवशी विद्वान, दानशूर, पाठ करणारे बरेच असणार. एलियानं बोट दाखवलं ते या दोघांकडे.

हा एलिया आपल्याला परका नाही. अलिबाग भागात माझी एक शाळेतली मैत्रीण होती, बेने इस्राएल. त्यांच्या घरी काही चांगलं झालं की, कुणी परीक्षा पास झालं, कुणी आजारातून उठलं, की मलिदा व्हायचा तो याच एलियाहू हन्नबीच्या नावानं. भिजवलेले पोहे, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, वर सुकामेवा, भोवती कापलेली फळं मांडलेलं मोठं ताट. प्रार्थना हिब्रूत, बायकांची कुजबूज मराठीत, आणि आम्हा मुलांचं लक्ष खजुरावर. अलिबागजवळच्या खंडाळ्यात तर एक खडक दाखवतात, त्यावर एलियाच्या रथाची खूण उमटली आहे म्हणतात. या मंडळींना शतकानुशतकं स्वतःचा रब्बाय नव्हता. पण १८८० च्या सुमारास त्यांनी मराठी कीर्तनं करायला सुरुवात केली, इब्राहिमाची, योसेफाची, मोशेची आख्यानं, साकी-दिंड्यांत बांधलेली, आपल्या हरदासांची बघून उचललेली. ती ऐकायला कशी वाटली असतील याचा मी पुष्कळदा विचार करते. भावांनी विहिरीत टाकलेल्या योसेफाची कथा रंगात आली असताना बुवा मध्येच थांबून आडव्या बोलण्यातून गावातल्या भाऊबंदकीला चिमटा काढत असतील का? असतीलच. कीर्तन उचललं म्हणजे चिमटाही उचलला.

आणि नाटक-सिनेमाचं वेडही त्याच घरांतलं. ठाण्यात १९०९ साली जन्मलेले डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आपल्या सगळ्यांचे टक्कल पडलेले प्रेमळ अंकल डेव्हिड, याच समाजाचे. कायद्याची पदवी घेतली, आणि केलं काय, तर सिनेमा. पुरस्कार सोहळ्यांचं निवेदन करायला उभे राहिले की समोर बसलेले मोठमोठे नट पोरासारखे हसायचे. अशा माणसाच्या घरी कधी कुणी कपाळाला हात लावला होता का, ते कळायला मार्ग नाही. वकील होता होता नट झालेल्या मुलाचं दुःख आणि रब्बाय होऊन विदूषक झालेल्या मुलाचं दुःख एकच नाही म्हणा. वकिली सोडणाऱ्यानं फक्त बापाला दुखावलेलं असतं.

मेसनचं पुढं बरं चाललं आणि मग एका रात्रीत बिनसलं. १८ ऑक्टोबर १९६४, रविवार. एड सलिव्हनचा टीव्हीवरचा कार्यक्रम अमेरिकेत घरोघरी बघत. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या भाषणामुळं वेळ कापली गेली. मेसन मंचावर, थेट प्रक्षेपण, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून सलिव्हन त्याला बोटांनी खुणावतोय, दोन मिनिटं राहिली, एक मिनिट राहिलं. समोरचे प्रेक्षक विनोद सोडून त्या बोटांकडे बघायला लागले. मेसननं मग बोटांचाच विनोद केला. इकडं बोटं, तिकडं बोटं, घ्या तुम्हालाही एक बोट. सलिव्हनला वाटलं, यानं आपल्याला घाणेरडी खूण केली. पुढच्या सहा कार्यक्रमांचा ४५,००० डॉलरचा करार रद्द झाला. मेसननं अब्रुनुकसानीचा दावा लावला, ३० लाख डॉलरचा. दोन वर्षांनी सलिव्हननं त्याला परत बोलावून सगळ्यांसमोर माफी मागितली, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. या माणसावर भरवसा नाही, असा बोलबाला झाला की काम देणारे फोन उचलत नाहीत. त्यातून सावरायला वीस वर्षं लागली, असं मेसन म्हणायचा. ती चित्रफीत मी पुन्हा पुन्हा बघितली आहे. अश्लील काही दिसत नाही. दिसतो तो पोथीवर वाद घालत वाढलेला एक माणूस, ज्याला हात न हलवता बोलताच येत नाही.

१९६९ साली त्यानं ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या बड्या नाट्यगृहांच्या वस्तीत, नाटक आणलं. रीतसर उद्घाटनाआधी चाचणीचे ९७ प्रयोग केले. उद्घाटन झालं, आणि त्यानंतर पुढचा प्रयोग झालाच नाही. आपल्याकडे कुणा नाटकवाल्यानं नारळ फोडायच्या आधीच शंभरी गाठत आणली असेल असं वाटत नाही. शेवटी डिसेंबर १९८६ मध्ये तो एकटाच, नेपथ्य जवळजवळ नाही, असा ब्रॉडवेवर उभा राहिला आणि न्यूयॉर्क त्याच्या पायाशी आलं. पुढच्या वर्षी नाटकवाल्यांना मिळणारा टोनी पुरस्कार खास म्हणून मिळाला. साठीला टेकलेला माणूस, दीड-दोन तास उभा राहून, समोरच्यांना त्यांच्याच खोडी मोजून दाखवतोय. यात आणि लॅट्रोबच्या प्रवचनात काय फरक होता? मला तर वाटतं त्यानं व्यासपीठ सोडलंच नव्हतं, फक्त देवाला खाली उतरवलं होतं. सूर धर्मगुरूचाच होता. तुम्ही कसे वागता ते बघा, असं म्हणायचं. पण त्यापुढचं वाक्य, म्हणून आता असं वागा, ते तेवढं गाळायचं.

आणि ते वाक्य गाळलं की काय होतं, तेही त्याच्याच आयुष्यात दिसतं. १९८९ साली न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीत तो रूडी जुलियानी या उमेदवाराच्या बाजूनं बोलत फिरत होता. विरोधी उमेदवार डेव्हिड डिंकिन्स कृष्णवर्णीय. मेसननं त्यांच्याबद्दल यिद्दिशमधला, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतला, एक हिणकस शब्द वापरला. गदारोळ झाला, माफी मागावी लागली, प्रचारातून बाहेर पडावं लागलं. वीस वर्षांनी ओबामांबद्दल बोलताना तोच शब्द पुन्हा तोंडातून आला, आणि या वेळी त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी त्याची चाहती आहे, आणि हे मला आवडत नाही, आणि या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी बाळगाव्या लागतात. स्वतःच्या माणसांना झापण्यात जी माया होती, ती परक्यांवर हसताना कुठं तरी गळून पडायची. सिनेगॉगची नोकरी टिकली असती तर तो असं बोलला नसता का? छे. पदावर राहून याहून वाईट बोलणारे धर्मगुरू आपण रोज बघतो. तेव्हा त्या वाटेनं फार लांब जाण्यात अर्थ नाही.

दोन्ही डगरींवर पाय ठेवून नीट उभा राहिलेला माणूसही आहे. बॉब अल्पर. हे रब्बाय वर्षानुवर्षं स्टँडअप करतात आणि सणावाराच्या प्रार्थनाही चालवतात. १९८६ साली फिलाडेल्फियात विनोदवीरांच्या एका स्पर्धेत त्यांचा तिसरा नंबर आला. पहिल्या दोघांत एक मणक्याचा वैद्य होता आणि एक वकील, हे तेच मोठ्या चवीनं सांगतात. पुढं त्यांनी अहमद अहमद या मुस्लीम विनोदवीराबरोबर जोडीनं कार्यक्रम करत कॉलेजं, सिनेगॉगं, मशिदी पालथ्या घातल्या. बाजारातल्या त्या दोन भावांच्या जवळ जाणारं हे काम आहे, यात शंका नाही. विनोद स्वच्छ, कुणाला न बोचणारा. आणि तरी, खरं सांगायचं तर, रात्री झोप येईना की मी अल्पर लावत नाही. मेसनच लावते. भला माणूस आणि भारी विनोद यांची गाठ नेहमी पडतेच असं नाही, आणि आपण हसतो ते चांगलं काय आहे हे तपासून हसत नाही. त्या मांडवात मी तरी कुठं तपासलं?

मेसनच्या सगळ्या कामांत मला सर्वांत अस्वस्थ करणारं काम त्यानं नुसत्या आवाजानं केलेलं आहे. सिम्पसन्स या कार्टून मालिकेत क्रस्टी नावाचा एक विदूषक आहे. सिगारेट ओढणारा, लोभी, थकलेला, टीव्हीवर पोरांना हसवणारा. १९९१ साली एका भागात त्याची कहाणी येते. तो मूळचा हर्शेल क्रस्टॉफस्की, एका रब्बायचा मुलगा. बापानं रब्बाय हो म्हटलं होतं, हा चोरून विदूषक झाला. एकदा तोंडावर पाण्याचा फवारा बसतो, रंग धुतला जातो, आतला मुलगा दिसतो आणि बाप त्याला घराबाहेर काढतो. पंचवीस वर्षं बोलत नाही. त्या बापाचा आवाज मेसनचा. शाळकरी पोरं त्या बापाचं मन वळवायला तालमुदातले दाखले घेऊन जातात, आणि बाप प्रत्येक दाखल्याला दुसरा दाखला फेकून परतवतो. शेवटी तो विरघळतो, तो ज्यू धर्म स्वीकारलेल्या एका नाचगाणेवाल्याच्या, सॅमी डेव्हिस ज्युनियरच्या शब्दांनी. या भूमिकेसाठी १९९२ साली मेसनला टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. स्वतः बापाच्या मरणाची वाट बघून विदूषक झालेला माणूस ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभा राहून विदूषक झालेल्या मुलाला हाकलून देणारा बाप बोलतोय. त्या आवाजात नक्कल किती आणि आठवण किती?

पण खरी गाठ २०१४ च्या भागात आहे. मेसन तेव्हा शहाऐंशीचा, आणखी सात वर्षांनी, २४ जुलै २०२१ ला, मॅनहॅटनमध्ये गेला. या भागात म्हातारा रब्बाय क्रस्टॉफस्की मरतो. मरण्याआधी मुलगा त्याला विचारतो, बाबा, खरं सांगा, मी विनोदी आहे का? बाप म्हणतो, खरं मत विचारशील तर तू नेहमीच... आणि एक नुसता हुंकार टाकून प्राण सोडतो. हो नाही, नाही नाही, नुसतं "अं". क्रस्टीवर त्या "अं"नं वेडं व्हायची पाळी येते. मग कळतं की बापाला एक दुसरे रब्बाय फार आवडायचे, त्यांचं प्रवचन ऐकून तो पोट धरून हसायचा. तर हे सगळे त्या दुसऱ्या रब्बायच्या सिनेगॉगमध्ये जातात. प्रवचन चाललेलं असतं, लोक हसत असतात. आणि ऐकता ऐकता क्रस्टीच्या ध्यानात येतं की हे तर आपलेच विनोद. शब्द न् शब्द आपल्या कार्यक्रमातला. रब्बायनं ढापलेला.